दुपारचे जादा ठोके

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मागच्या महिन्यात वामन गेल्याचं कार्ड आलं आणि वाटलं, आता पुरे झालं गप्प बसणं.

तारापूरला वीजकेंद्राच्या जागेची नुसती पाहणी चालली होती, तेव्हाची गोष्ट. किनाऱ्याजवळ भाड्याच्या खोलीत आम्ही दोघे आकाशातून येणारे कण मोजत होतो. एकावर एक ठेवलेल्या दोन नळ्यांनी एकाच क्षणी ठोका दिला, की एक कण आरपार गेला असं धरायचं. रोज दुपारी ठोके एकदम वाढत. मी हरखलो. वामन म्हणाला, "नवा कण काय आपली जेवणाची सुट्टी बघून येतो?" त्याने नळ्या बदलल्या, वर शिशाचे पत्रे रचले, तरी ठोके कमी होईनात. "शिशालाही जुमानत नाही, म्हणजे केवढा मोठा शोध," मी म्हणालो. "नाहीतर तेवढीच मोठी चूक," तो म्हणाला.

एका दुपारी तो टपाल आणायला बोईसरला गेला होता. अंगणात बोंबील वाळत घालणाऱ्या घरमालकीण राधाबाई दारातून डोकावल्या. "भाऊ, दुपारचा दर्यावरचा वारा सुटला का आमच्या सुकटीला ओल धरते. तुमच्या या मशीनच्या डब्याला मीठ नाय लागत?" त्या गेल्यावर मी नळ्यांचे जोड स्पिरिटने पुसले. ठोके सकाळइतके खाली आले... खाऱ्या ओलीतून वीज झिरपत होती, आणि दोन्ही नळ्यांना वीज एकाच पेटीतून, म्हणून कण नसतानाही दोन्ही एकदम ठोका देत. दुसऱ्या दुपारी वारा आला, मीठ बसलं, ठोके परत वाढले. तोवर पुसल्यानंतर उतरलेल्या ठोक्यांच्या नोंदीचं पान मी फाडलं होतं.

नवा कण सापडल्याच्या अहवालावर मी सही केली, वामनने केली नाही. आमचे साहेब त्याला म्हणाले, "मग चूक दाखवा." तो म्हणाला, "चूक सापडली नाही म्हणजे कण सापडला, असं होत नाही, साहेब." मी शेजारीच उभा होतो. वामनला काढलं, मला बढती मिळाली. तो कण पुढे कुणालाच सापडला नाही. पालघरच्या शाळेत शिकवणारा वामन एकदा भेटला, तेव्हा हसून म्हणाला, "काय रे, अजून दुपारीच येतो का तो?" मीही हसलो.

वामनची बायको, आमच्या वहिनी, अजून म्हणतात, ह्यांच्या हट्टापायी नोकरी गेली. अहवाल खोटा असल्याचं पत्र मी कचेरीत दिलं आहे. माझ्या नोकरीचं व्हायचं ते होईल. रविवारी पालघरला जातो आहे. तो हट्ट नव्हता, वामन बरोबर होता आणि मला ते माहीत होतं, हे वहिनींसमोर बसून सांगायचं देणं अजून बाकी आहे.