बुचाला लावलेलं वंगण

घासतं तिथं झिजतं, आणि झिजतं तिथं वंगण लागतं. हे मला शाळेनं शिकवलं नाही, शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलो. बैलगाडीच्या आसानं शिकवलं आणि विहिरीवरच्या इंजिनानं शिकवलं. आमच्या गाडीचा आस माझ्या हयातीत एकदाच बदलला. शेजाऱ्यांनी किती बदलले ते त्यांना विचारा. ही फुशारकी आहे, आणि ती मी मारणार.

आमचं गाव अणदूरपासून आत आहे. मुलगा सोलापुरात कंपनीत, आठवड्याला येतो. सूनबाई गावातच असते. तिनं दूध संघाचं शिक्षण घेतलं, गाई-म्हशी भरवायचं, म्हणजे वळूशिवाय सुईनं गाभण करायचं. मला ते आधी पटलं नव्हतं. बाईमाणसानं हे काम करायचं म्हटल्यावर पारावरची माणसं हसणार, आणि हसलीच. ती काही बधली नाही. संघानं तिच्या ताब्यात कॅन दिला आणि तो आमच्या सोप्यात येऊन बसला.

कॅन दिसायला दुधाच्या कॅनसारखाच, पण गळा अरुंद आणि पोटाला दुहेरी भिंत. आत नायट्रोजन, पाण्यासारखा पातळ. थंड इतका की त्याच्यापुढं बर्फ म्हणजे कोमट पाणी. वळूच्या आणि रेड्याच्या बियाच्या बारीक कांड्या त्यात बुडवून ठेवलेल्या. नायट्रोजन उडून गेला की कांड्या मेल्या, मग जनावर भरून उपयोग नाही. संघानं देतानाच बजावलं होतं, ज्याच्या हलगर्जीनं कांड्या मरतील त्याचा कॅन दुसऱ्याला जाणार. आणि वाट बघणारे दोन गडी गावात होतेच.

कॅनच्या झाकणाखाली वीतभर लांब बूच असतं, पांढऱ्या फोमचं. सूनबाई ते काढायची, घालायची, तेव्हा गळ्याला घासून कर्र कर्र वाजायचं. बारीक भुसा पडायचा. मला ते ऐकवत नव्हतं. म्हटलं, याला काहीतरी लाव. तर म्हणाली, मामा, ते असंच असतंय. असंच असतंय म्हणणाऱ्यांची चाकं भर रस्त्यात निखळलेली मी बघितलीत.

खंडेनवमीला आमच्यात घरातलं एकूण एक हत्यार धुऊन पुसून मांडतात. कुळव, विळे, कुऱ्हाडी, इंजिन, आता मुलाची मोटारसायकलसुद्धा. नुसत्या हळदीकुंकवावर भागत नाही. जे फिरतं, जे घासतं, त्याला त्या दिवशी वंगण द्यायचं, हा आमच्या वडिलांचा शिरस्ता. कॅनही त्या रांगेत आला. सूनबाईनं त्याला वरून कुंकू लावलं आणि ती स्वयंपाकाला आत गेली. मी बूच काढलं. पांढरा धूर निघाला. बुचाला चांगलं ग्रीस चोपडलं आणि बसवलं. लोण्यात सुरी जावी तसं गेलं. आवाज नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा, कॅन उघडायचं काम पडलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरचा एक शेतकरी आला. त्याची म्हैस माजावर आली होती. आधी दोनदा भरूनही गाभण न राहता उलटलेली. आज भरली नाही तर पुढचा माज येईस्तोवर थांबायचं, आणि त्याच्या घरात दूध देणारं दुसरं जनावर नव्हतं. सूनबाईनं बूच धरलं, ओढलं. बूच हलेना. पिळून बघितलं, तरी नाही. तो शेतकरी उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, बाईच्या हाताला जोर कुठला, आजोबांना द्या. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गुडघ्यात कॅन दाबून तिनं हिसका दिला. आत कोंडलेली हवा फस्सकन बाहेर आली आणि बूच निघालं, पण अर्धंच. खालचा तुकडा गळ्यातच राहिला. तो तिनं चिमट्यानं ओढून काढला. त्याच्यावर माझं ग्रीस होतं, पण ग्रीससारखं नव्हतं. खडीसारखं झालं होतं.

शेतकऱ्याला तिनं सांगितलं, म्हशीला रेड्याकडं नेऊ नका, कांड्या जगल्यात का ते केंद्रात बघून दिवस मावळायच्या आत मी येते. तो पुटपुटत गेला.

मग ती माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही.

"मामा, इतक्या गारठ्यात वंगणाचा दगड होतोय."

"वंगणाचा दगड झालेला म्या जन्मात बघितला न्हाय."

तिनं एक खिळा घेतला, माझ्याच डब्यातलं ग्रीस त्याला फासलं आणि चिमट्यात धरून कॅनमध्ये बुडवला. काढून पायरीवर आपटला. ग्रीसच्या कपच्या उडाल्या, वीट फुटावी तशा. मी म्हटलं, हे ग्रीस हलकं असेल. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा मीच दिला. तो बुडवला, आपटला, तर पापडासारखा मोडला.

विचारलं, मग तिथं लावायचं काय? ती म्हणाली, काहीच नाही, कोरडं ठेवायचं. शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं म्हणे, असल्या थंडीत चालणाऱ्या यंत्रांना तेल-वंगण चालतच नाही. नळाच्या आट्यांना पांढरी पट्टी गुंडाळतात ना, तसल्या गुळगुळीत मालाच्या चकत्या त्यात घालतात. मी लगेच म्हटलं, मग पट्टी गुंडाळून बूच घट्ट करू. तर म्हणाली, घट्ट चालत नाही, वाफ निघायला जागा लागते, नाहीतर कॅन फुटेल. हे मात्र मला एका दमात कळलं. पंपाच्या शाफ्टभोवतीचा ग्लँड आवळून पाणी पार बंद केलं की शाफ्ट जळतो, तो थेंब थेंब गळू द्यावा लागतो. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तेच की.

नायट्रोजन मात्र उघड्या गळ्यानं उडत चालला होता. नवं बूच संघाच्या तुळजापूरच्या केंद्रात. मुलगा दसरा करून सोलापुरात परत गेलेला. तिनं स्कुटी काढली आणि विचारलं, धरून बसाल का?

बाईच्या मागं गाडीवर बसणार नाही, असं मी पारावर बोलून चुकलेला माणूस. कॅन दोन गुडघ्यांत उभा धरला, तोंडावर तुटकं बूच आणि सैल फडकं ठेवलं, आणि पारावरूनच गेलो. दुसरी वाट नव्हती. एकजण ओरडला, "आजोबा, सासरी निघाला व्हय?" मी त्याच्याकडं बघून घेतलं. वाटेभर देवीला चालत निघालेली माणसं. प्रत्येक गतिरोधकाला सूनबाई गाडी जवळजवळ उभी करायची.

केंद्रातल्या साहेबानं बूच फिरवून बघितलं. म्हणाला, किती झिजवलंय हे, कसं वापरता तुम्ही? सूनबाई खाली बघून म्हणाली, "व्हय सर, उघडझाक लई होती."

म्हणजे ती माझं वंगण स्वतःच्या हातावर घेत होती. आणि हात वाईट ठरला की कॅन गेला.

"झिजलं न्हाय ते," मी म्हणालो. "म्या वंगण लावलं. खंडेनवमीला."

"वंगण? कुणी सांगितलं लावायला?"

"माझ्या बापानं."

साहेब हसला नाही, हे त्याचं चांगलं. मीही चूक झाली असं म्हणालो नाही. वंगण चांगलंच होतं, जागा वाईट होती. त्यानं एक काळी पट्टी कॅनमध्ये तळापर्यंत घातली, काढून हवेत हलवली. पट्टीवर खालून दव गोठत पांढरं चढत गेलं. आम्ही दोघं बघत राहिलो. चार बोटांवर थांबलं, म्हणजे तेवढा नायट्रोजन उरला होता. कांड्या अजून बुडालेल्या होत्या. त्यानं कोरड्या फडक्यानं गळा पुसला, नायट्रोजन भरला, नवं बूच दिलं. कॅन तिच्याकडं सरकवत म्हणाला, घरातल्या मोठ्या माणसांना समजावून सांगा.

"सांगते सर," ती म्हणाली. "ऐकतील का ते न्हाय सांगता येत."

परत येताना घरी न जाता तिनं गाडी थेट वस्तीवर नेली. ऊन कललं होतं. त्या माणसानं म्हैस सोडली होती, दावं हातात, शेजारच्या गावच्या रेड्याकडं निघायच्या बेतात. आम्हाला बघून त्यानं ती परत खुंट्याला बांधली. सूनबाईनं कांडी काढली, कोमट पाण्यात धरली, आणि तिचं काम केलं. मी म्हशीची शेपटी धरून उभा होतो.

तो माणूस माझ्याजवळ सरकला. हळूच विचारलं, आजोबा, राहील का गाभण?

"मला काय इचारतो?" मी म्हणालो. "तिला इचार."