अण्णांच्या गाडीला इलेक्ट्रिक पंखा

नाशिकला द्वारकेच्या सिग्नलवर अण्णांची गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ, मागे हॉर्नचा गोंगाट. अण्णा दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार. गाडी त्यांच्या वडिलांची, साधारण माझ्याच वयाची, साठीची. वीस वर्षं तिला माझ्याशिवाय कुणाचा पाना लागलेला नाही.

टो करून माझ्या गॅरेजला आणली, तर अण्णा म्हणाले, "रविवारी जुन्या गाड्यांची रॅली हाय. सिन्नरच्या रशीदला बोलवू का? इलेक्ट्रिक पंखे लय भारी बसवतो म्हणे."

रशीदचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. वय जेमतेम पस्तीस, हात सफाईदार, आणि माझी तीन जुनी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेलेली. आता अण्णाही?

"पंखाच ना? उद्या बसवून देतो," मी म्हणालो.

जुन्या गाडीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. ट्रॅफिकमध्ये इंजिन हळू, म्हणून पंखाही हळू, आणि रेडिएटरमधलं पाणी तापतं. इलेक्ट्रिक पंखा बॅटरीवर चालतो. गाडी उभी असली तरी जोर तेवढाच. जुना काढून मी तो रेडिएटरमागे बसवला. लाल वायर स्विचकडे, काळी बॉडीला. पंखा भिरभिरला. फोटो काढून रशीदला पाठवावा असं फार वाटलं.

शनिवारी ट्रायल घेतली. दिंडोरी रोडला तापमानाचा काटा लालमध्ये! कशीबशी गॅरेजला परत आणली, तोवर शेजारी बसलेल्या अण्णांनी मला न विचारता रशीदला फोन केलेला. तासाभरात तो हजर. मी हाताची घडी घालून उभा.

त्याने काही खोललं नाही. पंखा चालू करून रेडिएटरपुढे रुमाल धरला. रुमाल जाळीला चिकटायला हवा होता. तो बाहेर फडफडायला लागला. पंखा उलटा फिरत होता, हवा आत ओढायची सोडून बाहेर ढकलत होता.

"काका," रशीद हळूच म्हणाला, "हिच्या बॉडीला प्लस आहे ना?"

होता. आजच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो, हिच्यात प्लस, म्हणून माझ्या वायरी उलट्या लागल्या होत्या. हिच्या बॅटऱ्या मीच बदलत आलोय. पण रशीदचे हात लागायच्या आत काम उरकायचं होतं, त्या नादात नेमकं तेच विसरलो. रशीदने पंख्याच्या दोन वायरींची अदलाबदल केली. रुमाल जाळीला चिकटला.

अण्णा चहा सांगून आले. "काय झालतं रे?"

"काही नाही अण्णा, वायर ढिली होती. काकांचं फिटिंग एक नंबर आहे."

मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच जळलो. हात चांगला होताच, लेकाचा माणूसही चांगला निघाला! त्याच्या जागी मी असतो तर अख्ख्या नाशिकला सांगितलं असतं.

रॅलीत गाडी एकदाही तापली नाही. अण्णा अजून माझ्याकडेच येतात. जुन्या गाडीला काहीही जोडण्याआधी बॉडीला प्लस आहे की मायनस ते बघावं, असं मी हल्ली सगळ्यांना बजावतो. हे मला कुणी दाखवून दिलं, ते मात्र अजून सांगवत नाही.