दामाजीने लपवलेला फाटा

ठाण्यात बाळकुमला खाडीकाठी टॉवरचं काम निघालं, तेव्हा दामाजी कोळी तिथे दिवसपाळीचा वॉचमन म्हणून लागला. वय अडुसष्ट. पूर्वी तिथेच त्याच्या बापाची होडी लागायची. मग भराव पडला, मासळी गेली. तो राग दामाजीच्या मनात मुरून राहिलेला.

भरावाखाली नुसता गाळ. म्हणून एक उंच मशीन आणलेलं. त्याचा पात्यांचा दांडा फिरत जमिनीत उतरायचा, गाळातच सिमेंट घुसळायचा आणि वर आला की खाली काही दिवसांत टणक खांब तयार व्हायचा. असे शेकडो खांब घालून जमीन बांधायची होती. मशीन चालवणारा शिवराम दामाजीला मामा म्हणायचा, दुपारी त्याच्याशेजारी बसून जेवायचा.

एकदा साइटची तरुण इंजिनीअर रचना नकाशा घेऊन आली. "आबा, तुम्ही इथलेच ना? खाडीचा एखादा फाटा आत येत होता का? त्या कोपऱ्यात खालची जमीन तपासायला बोअर घेतलेलं नाहीये, म्हणून विचारते."

फाटा होता. त्याच कोपऱ्यातून आत वळायचा. लहानपणी दामाजी तिथे कमरेपर्यंत रुतलेला. पण त्याला वाटलं, खाडी बुजवताना आम्हाला कोणी विचारलं?

"नाय गो पोरी," तो म्हणाला. "तिथं कायच नव्हता."

आठवड्याने मशीन त्या कोपऱ्यात गेलं. एका बाजूची जमीन दबली, मशीन कललं आणि बघता बघता आडवं झालं. शिवरामने उडी मारली, पण डावा पाय खाली सापडला.

चौकशीत ठपका रचनावर आला. तिला घरी बसवलं. जाताना ती गेटवर थांबली. "माझंच चुकलं, आबा. मी अजून चार जणांना विचारायला हवं होतं."

दामाजीने तिला गेट उघडून दिलं. पंधरा दिवस त्याला धड जेवण गेलं नाही. शेवटी त्याने बायकोला, जनाबाईला, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मंग मना काय सांगतस? त्या पोरीला जाऊन सांग."

रचनाचं घर वर्तकनगरला, म्हाडाच्या वसाहतीत. दामाजी दारातच बोलला, आत गेला नाही.

"माहीत असून नाही म्हणालात?" तिने विचारलं.

"हो."

"का?"

खाडीचं कारण आता त्यालाच लाजिरवाणं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासोबत मोठ्या साहेबांपुढे उभा राहिला आणि त्याने सगळं कबूल केलं. मग साइटवर जाऊन जुन्या फाट्याच्या वळणावर स्वतः बांबू रोवत गेला. तिथे बोअर घेतली, तर गाळ बाकीपेक्षा दुप्पट खोल निघाला. खांबांची लांबी वाढवली. रचनाला परत घेतलं. दामाजीला काढून टाकलं, त्याचं त्याला काही वाटलं नाही.

शिवराम कल्याणला कोळसेवाडीत, घरीच पडून होता. पायात रॉड. दामाजीने खाटेशेजारी उभं राहून सगळं सांगितलं.

"मला तरी सांगायचंत, मामा," शिवराम म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर दर गुरुवारी दामाजी त्याला रिक्षाने पायाच्या व्यायामाला दवाखान्यात नेतो, आणून सोडतो. शिवराम कामापुरतं बोलतो. दामाजीही जास्त काही मागत नाही.