रोज अकरा मिनिटं पुढे

घड्याळाच्या दुकानात खिडकीजवळचं टेबल मावशींचं. वय एकसष्ट, एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि समोर सव्वाशे भागांत मोकळं झालेलं कुणाचं तरी महागडं घड्याळ. हे काम खरं तर त्यांच्या नवऱ्याने शिकायचं होतं, पण त्याला एका जागी दहा मिनिटं बसवत नसे. ह्याच टेबलावर काम करणाऱ्या सासऱ्यांनी तीन महिने वाट पाहिली आणि चिमटा सुनेच्या हातात दिला. त्याला छत्तीस वर्षं झाली.

दुरुस्त केलेलं घड्याळ मावशी लगेच परत देत नाहीत. तीन दिवस स्वतःच्या मनगटावर बांधतात. टेबलावर सगळीच घड्याळं शहाण्यासारखी वागतात, खरे गुण हात हलायला लागला की कळतात, असं त्यांचं मत. काम जास्त असलं की दोन्ही मनगटं भरलेली. "दोन-दोन घड्याळं, तरी भाजी करपतेच," असं नवरा म्हणतो.

वकीलसाहेबांचं घड्याळ मात्र मावशींच्या हातावर बिनचूक चाले आणि साहेबांच्या घरी रोज अकरा मिनिटं पुढे पळे. दोनदा आलं, दोनदा दुरुस्त होऊन गेलं. कारण मावशींना ठाऊक होतं. छोटं होकायंत्र जवळ नेलं की त्याची सुई थरथरे. म्हणजे आतल्या केसाएवढ्या कमानीला चुंबकत्व चढलेलं. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ घाईला येतं. ते चुंबकत्व उतरवणं हे यंत्रावरचं दोन मिनिटांचं काम. पण ते पुन्हा चढतं कुठून?

तिसऱ्या वेळी वकीलसाहेब दुकानाच्या मालकांसमोरच कडाडले. "काल कोर्टात अकरा मिनिटं आधी पोचलो! वकील वेळेआधी आलेला बघून अशील घाबरलं. म्हणालं, आपलं काही खरं दिसत नाही."

"तुमच्या घरी चुंबक आहे, साहेब."

"पुरावा?"

"सुई हलतेय ना."

"माझ्या फ्रिजवरसुद्धा काही चिकटवलेलं नाही. आता बिघडलं, तर हे कपाटात टाकतो आणि सरळ स्मार्टवॉच घेतो."

ते गेल्यावर मालक मावशींच्या टेबलाशी आले. मालक मावशींहून वीस वर्षांनी लहान. "राग मानू नका, मावशी. आपलं दुकान ह्या महागड्या घड्याळांवर उभं आहे. तीच गिऱ्हाइकं गेली तर? स्मार्टवॉचवाले शोकेससाठी खिडकीची जागा मागतायत. तुम्हाला मागच्या खोलीत ट्यूबलाइट लावून देतो."

"ट्यूबलाइटमध्ये कमान दिसत नाही."

"मग वकिलांचं काय होतं ते बघू," मालक म्हणाले. म्हणजे घड्याळ चौथ्यांदा आलं की खिडकी गेली.

डॉक्टर बोलावल्याशिवाय येत नाही. मावशी रविवारी सकाळी न बोलावता वकिलांच्या दारात उभ्या राहिल्या. "घड्याळ काढल्यावर कुठे ठेवता, तेवढं दाखवा."

पलंगाशेजारी लाकडी तबक होतं. त्यात किल्ल्या, चष्मा, आणि वायर जोडलेली एक पांढरी चकती.

"ही कसली?"

"माझ्या घड्याळाचा चार्जर," वकिलांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांच्या मनगटावर काळी काच चमकत होती. "मी सकाळी आंघोळीच्या वेळी लावते."

"हिला तासनतास बसू नको म्हणून मी सांगतो, तर ढिम्म," वकील म्हणाले. "ते मनगटावरचं म्हणालं, की टुणकन उठते."

"ते ओरडत नाही ना!"

मावशींनी पिशवीतून होकायंत्र काढून चकतीजवळ नेलं. सुई गर्रकन फिरली.

"साहेब, रात्री तुमचं घड्याळ ह्या तबकात नेमकं कुठे असतं?"

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "त्या चकतीवरच. तिथे घरंगळत नाही. बरं बसतं."

"आणि दुकानात जाऊन पुरावा मागतात," पत्नी म्हणाल्या.

सोमवारी मावशींनी हे सारं मालकांना सांगितलं. मालकांनी टेबलाजवळ स्टूल ओढलं. मग म्हणाले, "खरं सांगा, ही स्मार्टवॉच आपला धंदा खाणार का?"

"साधी घड्याळं खाऊन झाली त्यांची. सेल बदलायला रोज तीस माणसं यायची, आता चार येतात. ही चावीची महागडी टिकली, कारण ती कुणी वेळ बघायला घेतच नाही. पण वेळ चुकली, की घेणारी माणसं ती कपाटात टाकून देतात. म्हणून ती बरोबरच चालली पाहिजेत."

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि गुपचूप टेबलावर ठेवलं.

"किती?" मावशींनी विचारलं.

"सात मिनिटं. स्मार्टवॉचवाल्यांचे नमुन्याचे चार्जर आले ना, ते गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये आहेत. घड्याळही मी तिथेच काढून ठेवतो."

"मग बोलला का नाहीत?"

"घड्याळाच्या दुकानाचा मालक, मावशी. कुणाला सांगू?"

मावशींनी होकायंत्र पुढे ओढलं. "आणि खिडकीचं काय ठरलं?"

"शोकेस जिन्याखाली लावतो," मालक म्हणाले. "त्यांना कशाला हवाय उजेड? ती आपली आपणच चमकतात."