गुलालाचा एक कण

आईच्या हाताचं प्लास्टर काढायला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. नंबर यायला वेळ होता, म्हणून समोरच्या खोलीच्या उघड्या दारातून आत बघत बसलो. एक तरुण नर्स पीपीई किट घालून उभी होती आणि पिकल्या केसांच्या मोठ्या सिस्टर तिच्या हातमोज्यांना, छातीला चक्क गुलाल फासत होत्या.

"हा रोग समज. आता अंगाला लागू न देता सगळं उतरव."

मोजे, झगा, चष्मा, मास्क. साप हाताळावा तशी ती एकेक वस्तू उतरवत होती, मधेमधे हात धूत होती. शेवटी सिस्टरांनी तिला उजेडाकडे वळवलं. कानामागे एक लाल ठिपका होता.

"घरी जाऊन बाळाला घेतलंस, की त्याला लागला. पुन्हा घाल."

तिने पुन्हा घातलं. मग आणखी दोनदा. गावात कसलीच साथ नव्हती, येण्याची बातमीही नव्हती, आणि ही बाई घामाने निथळत होती. मी थक्क होऊन बघत राहिलो. आपल्याकडे जिंकलेला माणूस गुलालात न्हाऊन निघतो. इथे त्याचा एक कणही अंगावर नसणं म्हणजे जिंकणं होतं, आणि ते बघायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

पाचव्यांदा ती स्वच्छ निघाली. सिस्टरांनी मान, कान, कपाळ नीट तपासलं. मग नवं किट उघडून स्वतः घालायला घेतलं आणि गुलालाचा डबा तिच्या हातात दिला.

"आता माझं बघ. मोठी आहे म्हणून सोडू नकोस."