बाईंच्या घरी सनई

घोडेगावच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने दोन जुनी यंत्रं माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "बाई, कोणतंबी उचला. घरी वाजवून बघा, नाय पटलं तर माघारी आणा." एक होता परदेशी रिसीव्हर. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात, समोर काचेची पट्टी आणि तिच्यामागे पिवळा दिवा. दुसरा कुणा मांडववाल्याने विकलेला अ‍ॅम्प्लिफायर, जड, पत्र्याला पोचे आलेले, वर कुणाच्या तरी हळदीचे डाग. मी अर्थातच दिव्याला भुलले. कॅसेटचा टेप आणि स्पीकरच्या दोन पेट्या त्याने सोबत दिल्या.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. तळेघरच्या शाळेत मी शिकवत होते. चाळिशीला टेकले होते आणि लग्न झालेलं नव्हतं. का नव्हतं, ते विचारणाऱ्यांना मी कधी सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. शाळा सुटली की खोलीवर यायचे आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाशी बोलणं नाही. हातातून भांडं पडलं तर बरं वाटायचं, निदान काहीतरी वाजलं म्हणून. एकटेपणाने मी अगदी विटले होते. शेवटी ठरवलं, घरात आवाजाची काहीतरी सोय करून बघायची. जमलं तर राहायचं, नाही तर नोकरी सोडून महाळुंग्याला भावाकडे जायचं. भावाने तिथल्या माझ्या खोलीत कांदा भरून ठेवला होता. "ये की, कांदा हलवू," असं तो दर खेपेला म्हणायचा, पण कांदा काही हलत नव्हता.

रिसीव्हरचा आवाज काय सांगू! कॅसेटमधली गाणारी बाई समोर बसून श्वास घेते आहे असं वाटायचं. तंबोरा डावीकडे, तबला उजवीकडे. मात्र ते सगळं नीट ऐकायचं तर दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधोमध बसावं लागे आणि तिथे जागा एकाच माणसाची. माझ्याकडे माणूस तेवढंच होतं, म्हणून अडलं नाही. अडलं ते विजेपाशी. व्होल्टेज उतरलं की गाणारीचा गळा बसायचा, आणि लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नसे. तेव्हा खोली आधीपेक्षाही रिकामी वाटायची. आठवड्याने मी तो डबा मांडीवर घेऊन पुन्हा एसटीत बसले.

"तुमच्याकडं लाईट नाय, त्याला तो बिचारा काय करणार?" दुरुस्तीवाला म्हणाला. "हा मांडवातला न्या. जीपच्या बॅटरीवर चालतो, ती बी देतो. पार पल्याडच्या वाडीला ऐकू जातंय."

"मला वाडीला ऐकवायचं नाहीये."

"मग बारीक लावा की, राव!"

बारीक लावा म्हणे! त्या अ‍ॅम्प्लिफायरला बारीक ठाऊकच नव्हतं. एक तर बंद, नाही तर लग्नघर. त्यात तबला आणि तंबोरा एकाच गोणीत भरल्यासारखे. पण चालत होता. रविवारी सकाळी बॅटरी जोडली, टेप लावला आणि सनईची कॅसेट घातली. सकाळी मला सनई आवडते, यात माझा काय गुन्हा?

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं आणि गावात भाताची झोडणी चालली होती. सनई सुरू होऊन चहाला उकळी येते न येते तोच दारात घरमालकीण काकू उभी. हातात नारळ आणि खण. तिच्यामागे आणखी बायका, त्यांच्याही हातांत नारळ, केसांत भाताचं तूस तसंच.

"बाई, सुपारी फुटली आणि आमाला पत्ता बी न्हाई व्हय?"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा कान तापले. आमच्याकडे सनई वाजली की घरात कार्य असतंच, मग बोलावण्याची वाट कोण बघतं? मी म्हटलं, "अहो, काही नाही. मशीन कसं वाजतं ते बघत होते."

मग एक जण फिसकन हसली आणि सगळ्याच हसत सुटल्या. मीही हसले. आल्याच होत्या तर बसल्या, अर्धा-अर्धा कप चहा वाटून घेतला. एकीने मला ओढून खाली बसवलं आणि खोटीखोटी हळदीची गाणी म्हटली. नवरदेव म्हणून त्या अ‍ॅम्प्लिफायरलाच कुंकू लावलं. पाय ठेवायला जागा नव्हती. मला इतका आनंद झाला होता की रडू येईल अशी भीती वाटली, म्हणून मी उगाच साखर शोधत राहिले. निघताना मी नारळ परत देऊ लागले, तर काकू म्हणाली, "दिलेला नारळ माघारी नेत्यात व्हय? ठेवा. व्हईल तवा व्हईल."

ठरलं, म्हटलं. मांडवातलाच ठेवायचा. तबल्याचं जाऊ दे.

पुढच्या शनिवारी मी शाळेतून कप मागून आणले. रविवारी खोली सारवली, जास्तीचं दूध घेतलं, स्पीकर खिडकीत ठेवला आणि तीच सनई लावली. कॅसेटची एक बाजू संपली. उलटली, दुसरीही संपत आली. मग काकू दारात आली, हात रिकामे.

"बाई, जरा बारीक करा की. नात निजलीय."

"या ना, चहा टाकते."

"आज काय हाय?"

"काही नाही."

"मंग येते कवातरी," म्हणाली आणि गेली. वाईट मनाची नव्हती ती. बाईंच्या घरी सनई वाजली तरी काही नसतं, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

नंतर मी अ‍ॅम्प्लिफायर परत केला आणि पिवळ्या दिव्याचा रिसीव्हर घेऊन आले. महाळुंग्याला गेले नाही. लाईट असली की मधोमध बसायचे आणि नसली की नुसतीच बसायचे, सवय होते. नारळ एकेक करून चटणीत गेले.

पण त्याआधी, सोमवारी, मी कप शाळेत नेऊन ठेवले. शिपाई ते मोजून कपाटात लावत म्हणाला, "बाई, पावणं लई आलं व्हतं का काल?"

"लई," मी म्हटलं.