दहापैकी दोन

त्या मावशी म्हैसूरच्या गोकुलम भागातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये पहिल्यांदा आल्या, तेव्हा उजव्या हाताने डावं कोपर धरून आल्या होत्या. वय साधारण बासष्ट-त्रेसष्ट. नजरबादला स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या, ब्लाउज शिवायच्या. सोबत एक फाइल होती. तिच्यात ‘फ्रोजन शोल्डर’ असं निदान होतं आणि दुसरीकडे सहा आठवडे घेतलेल्या शेक-व्यायामाची नोंद.

मी नेहमीप्रमाणे कन्नडमध्ये सुरुवात केली. दोन वाक्यांतच त्यांनी मला थांबवलं. “तुमी मराठी का? मग आधीच सांगायचं नव्हे?”

त्यांच्या घराण्यातले कुणी तरी फार पूर्वी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. मी नवऱ्याच्या बदलीमुळे सोलापूरहून आलेली. त्यांच्या मराठीत दर तिसरा शब्द कन्नड, माझ्या कन्नडमध्ये दर तिसरा शब्द मराठी. आमचं पहिल्या पाच मिनिटांत जमलं.

मी ठरलेला प्रश्न विचारला. “किती दुखतं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही.”

“दोन,” त्या लगेच म्हणाल्या. “स्वल्प. जरासं दुखतं, अष्टे. आणि काय नाही.”

मी ‘दोन’ लिहून घेतलं. वीस वर्षं हे काम करतेय. पेशंट सांगेल तो आकडा मी लिहितेच, पण नजर चेहऱ्यावर ठेवते. खांद्यावरची पर्स काढताना या बाईंनी श्वास रोखून धरला होता. दहापैकी दोन दुखण्याला कुणी श्वास रोखत नाही.

आधी त्यांना बसवून हात बाजूने वर करायला सांगितला. हात थोडा उठला, मग खांदाच कानाकडे चढला आणि हात तिथेच अडकला. सांध्याचा कोन मोजायचं आमचं दोन पट्ट्यांचं साधन असतं, गोनिओमीटर. ते लावलं. पंचावन्न अंश. फाइलमधला आकडाही जवळपास तोच होता. मग मी त्यांना पाठीवर झोपवलं.

“आता तुम्ही काही करायचं नाही. हात माझा आहे असं समजा. दुखलं की थांबा म्हणा.”

त्यांचं कोपर आणि मनगट मी हातात घेतलं आणि सावकाश वर न्यायला लागले. साठ. नव्वद. मध्ये एका ठिकाणी त्यांचे डोळे घट्ट मिटले, मी थांबले, पुन्हा निघाले. एकशे वीस. हात जात होता. कुठे कुलूप नाही, कुठे आखडलेपण नाही. एकशे पासष्ट अंशांवर तो जवळजवळ कानाला टेकला.

गोठलेला खांदा असा जात नाही. तो स्वतः उचलला तरी अडतो आणि दुसऱ्याने उचलला तरी अडतो. इथे सांधा मोकळा होता. हात उचलणारी ताकद नव्हती. त्यांना पुन्हा बसवून मी हात वर नेला आणि म्हटलं, “आता हळूहळू खाली आणा.” हात अर्ध्या वाटेवरून धपकन पडला. स्नायूला हाडाशी बांधणारा जो दोर असतो, तो कुठे तरी फाटला असणार याबद्दल माझ्या मनात फारशी शंका उरली नाही. आणि असा दोर पुष्कळदा एखाद्या धक्क्याने फाटतो.

“मावशी, कुठे पडला होतात का?”

“छे छे.”

मी त्यांचा पदर नीट केला, टॉवेलची घडी घातली. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मुलाला सांगणार नाही नव्हे?”

“नाही.”

मग सगळं बाहेर आलं. माळ्यावरून डाळीचा डबा काढताना स्टूल सरकलं होतं. पडता पडता त्यांनी फळीची कड डाव्या हाताने पकडली आणि सगळा भार त्या एका हातावर आला. डॉक्टरांना मात्र सांगितलं, आपोआप धरलाय. मुलगा बेंगळूरुला. मागच्या वर्षी ताप आला तेव्हाच त्याने बजावलं होतं, पुन्हा काही झालं तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं.

“तिथं पंधराव्या मजल्यावर मी काय करू, सांगा? कुणाचा ब्लाउज शिवू? आठ म्हटलं असतं तर तो त्याच दिवशी कार घेऊन आला असता.”

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. “मी खरंच सांगणार नाही. पण सोनोग्राफी करावी लागेल, हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. तीन महिने तरी व्यायाम चालेल. हे सगळं लपवून कसं होणार? तुम्हीच सांगा त्याला. आधी तपासणी होऊ दे, मग सांगा.”

“आयतु,” त्या म्हणाल्या. ठीक आहे.

मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. निदान चुकलंय असं मी चिठ्ठीत लिहीत नाही. दोन आकडे लिहिले, स्वतःहून पंचावन्न, दुसऱ्याने उचलल्यावर एकशे पासष्ट, आणि खाली पडल्याची हकिगत. एवढं पुरलं. सोनोग्राफीत दोर अर्धवट फाटलेला दिसला. ऑपरेशन इतक्यात नको, आधी व्यायाम करून बघू, असं डॉक्टरांनी ठरवलं.

मुलाला फोन त्यांनी माझ्याच क्लिनिकमधून केला. पहिलं वाक्य मराठीत, पुढची सगळी कन्नडमध्ये. शनिवारी तो आला. आई आत कपडे सावरत असताना त्याने मला हळूच विचारलं, “मॅडम, खरं सांगा. ती एकटी राहू शकते?”

“हात वर जात नाही, एवढंच झालंय,” मी म्हटलं. “चालतात छान, तोल चांगला आहे, मी तपासलाय. फक्त रोजच्या वस्तू हाताशी येतील अशा ठेवून द्या.”

त्याला पूर्ण पटलं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने माळा रिकामा केला, आणि बेंगळूरुला एकटाच परत गेला.

त्यानंतर मावशींनी आकडे खरे सांगायला सुरुवात केली. एके दिवशी आल्या आल्या म्हणाल्या, “आज आठ. रात्रभर झोप नाही.” मी व्यायाम निम्म्यावर आणला आणि तसं त्यांना सांगितलंही. हाताला आधार देऊन, मग काठी धरून, मग भिंतीवर बोटं चालवत आम्ही हळूहळू वर गेलो. दर पंधरा दिवसांनी मी कोन मोजायची आणि त्या चष्मा लावून पट्टीवर स्वतः वाचायच्या. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. कापड मोजणारी बाई दुसऱ्याच्या मापावर कात्री चालवत नाही.

चौथ्या महिन्यात हात स्वतःहून एकशे पंचेचाळीसपर्यंत जायला लागला. पुढचे वीस अंश काही आले नाहीत. ते येतील असं मला वाटत नव्हतं आणि तसं मी सांगून टाकलं.

त्यांनी विचार केला. “त्या वीसमध्ये काय काय येतं?”

“पंखा पुसणं,” मी म्हटलं. “पडद्याचा रॉड बसवणं.”

“ते मी पूर्वीपण करत नव्हते,” त्या म्हणाल्या. डाव्याच हाताने पर्स खांद्यावर चढवून त्या बसस्टॉपकडे निघाल्या. मी फाइलवर ‘उपचार पूर्ण’ असं लिहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.